दहा मिनिटांची खोली

दिवाळीचा फराळ संपता संपता शोभनाचा उजवा अंगठा अडकायला लागला. सकाळी उठावं तर तो तळहाताकडे दुमडून बसलेला. डाव्या हाताने धरून हळूहळू सरळ करायचा, मग आत कुठेतरी कट् व्हायचं आणि सुटायचा. कळ कोपरापर्यंत जायची. ती दात आवळून तशीच देवासमोर बसायची आणि माळ हातात घ्यायची. माळ ओढायची ती अंगठ्यानेच. मणी पुढे सरकायचा आणि अंगठा तिथेच राहायचा.

कुणाला सांगितलं नाही. पण पोळपाटापुढे काही लपत नाही.

नेपरव्हिलला रूट ५९ वर पुरुषोत्तमकाकांचं वाणसामानाचं दुकान होतं. दुकानाच्या मागच्या बाजूला बिनखिडकीचं लांबोडकं स्वयंपाकघर. तिथे शोभना आणि कमलाताई सकाळपासून दुपारपर्यंत घडीच्या पोळ्या करायच्या. कणीक मशीन मळायचं, पण लाटणं हातानेच. पाकिटावर तसं छापलेलंच होतं, आणि गिऱ्हाईक त्यासाठीच यायचं. एकीने लाटायचं, दुसरीने भाजायचं, मध्येच बदलायचं. पाय दुखायला लागले की कमलाताई तांदळाच्या पोत्यावर टेकायची आणि तिथून तोंड चालू ठेवायची. ती नागपूरची. नवरा रेल्वेत होता, तो गेल्यावर मुलाकडे आली आणि घरात बसून कंटाळली म्हणून इथे लागली.

"काय करून राहिली तू?" एक दिवस तिने लाटणंच हातातून काढून घेतलं. "ही पोळी आहे का श्रीलंकेचा नकाशा?"

"काही नाही हो. थंडीने बोटं आखडतात."

"दाखव."

शोभनाने हात पुढे केला. कमलाताईने अंगठ्याच्या बुडाशी दाबलं. तिथे हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागली. शोभनाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बाई, हे थंडीचं नाही. डॉक्टरला दाखव. लाटणाऱ्या बाईचा अंगठा गेला तर उरलं काय?"

घरी तिच्या नवऱ्यानेही, मोरेश्वरने, तेच म्हटलं, पण जरा थांबून. दोन वर्षांपूर्वी त्याची कंपनीतली नोकरी गेली होती. आता तो बोलिंगब्रुकच्या एका गोदामात माल मोजायच्या कामावर होता, कंत्राटावर. इन्शुरन्सही त्याच मानाचा घेतलेला. आधी आपला खिसा रिकामा करायचा, मग तो जागा होणार. "दाखवू या," तो म्हणाला. "पण आधी विचारून घेऊ, किती पडतील ते."

विचारलं. हाताचा डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, एवढीशी चीर देऊन आतली पट्टी मोकळी करायची, दहा मिनिटांचं काम, तेवढाच हात बधिर करायचा. तातडी काही नाही, सोसवत असेल तर थांबा. सोसवत नव्हतं. दवाखान्यातल्या बाईने खर्च सांगितला, मोरेश्वरने मान डोलावली आणि जानेवारीतला मंगळवार ठरला. फोनवर सूचना आली. सैल बाह्यांचे कपडे घाला, अंगठी काढून ठेवा, येण्याआधी हलका नाश्ता करा.

शोभना स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरपाशी गेली. त्या मंगळवारी अंगारकी होती.

लेक रेणू दिवस भरायच्या आधीच जन्मली होती. काचेच्या पेटीत ठेवलेलं ते मुठीएवढं पोर, हातात नळ्या. तेव्हा शोभनाने गणपतीला नवस बोलला होता, ही घरी येऊ दे, दर अंगारकीला चंद्र दिसेपर्यंत पाण्याशिवाय काही घेणार नाही. रेणू आता अकरावीत होती, आईपेक्षा चार बोटं उंच, आणि गाडी शिकत होती. नेम कधी मोडला नव्हता. बर्फात नाही, तापात नाही.

व्रताचा डांगोरा पिटू नये, असं तिची आई म्हणायची. सांगितलं की त्याचं निम्मं पुण्य सांगण्यातच जातं. शोभनाने ते इतकं मनाला लावून घेतलं होतं की गोऱ्या माणसांपुढे तर तिची जीभच उचलायची नाही. उपास म्हणजे काय, चंद्राचा काय संबंध, हे इंग्रजीत कुठून सुरू करायचं? तिने दवाखान्यात फोन केला आणि हळूच विचारलं, दुसरा एखादा दिवस मिळेल का?

पलीकडची बाई आनंदाने म्हणाली, मिळेल की, गुरुवारी डॉक्टर दुसऱ्या जागी असतात. पत्ता पाठवते.

"चालेल," शोभना म्हणाली. "थँक्यू."

दुसरी जागाही जवळच होती. उंच, काचेची, नवी इमारत. दारात मीठ टाकून बर्फ वितळवलेला, आत पियानो ठेवलेला. त्यावर कुणी काही वाजवत नव्हतं. मोरेश्वर बूट पुसत म्हणाला, "हे जरा भारीच दिसतंय." पण डॉक्टर तोच होता, हात तोच, दहा मिनिटंही तीच. एका इलेक्ट्रॉनिक पाटीवर सही करायला सांगितली, तिने दुखऱ्या अंगठ्याने पेन धरता येईना म्हणून तर्जनीनेच केली. सुई टोचली तेवढी कळली. पडद्याआड डॉक्टर आपल्या कुत्र्याच्या गोष्टी सांगत होता. मग म्हणाला, "वाकवून बघा." अंगठा वाकला. सरळ झाला. आवाज नाही, कळ नाही. शोभनाने मनातल्या मनात हात जोडले, कारण खरे जोडता येत नव्हते.

टाके निघेपर्यंत कमलाताईने दोघींचं लाटलं. शोभना डाव्या हाताने भाजायची, घड्या करायची, पाकिटं भरायची. पहिल्या दिवशी पुन्हा लाटणं धरलं तेव्हा पोळी अशी फिरली की कमलाताईने दुकानातून पुरुषोत्तमकाकांना बोलावून दाखवली.

फेब्रुवारीत पाकीट आलं. एक नाही, दोन. एक डॉक्टरचं, सांगितलं होतं तेवढंच. दुसरं हॉस्पिटलचं.

मोरेश्वर गोदामातून आला होता, अंगातला कोटही काढला नव्हता. त्याने वाचलं, पुन्हा वाचलं आणि रेणूला हाक मारली.

"हे बघ गं. फॅसिलिटी फी म्हणजे काय?"

रेणूने फोनमध्ये शोधलं, मग कागद बघितला. "बाबा, इट्स फॉर द रूम."

"कसली रूम? ही तिथे राहिली कुठे?"

"राहायला नाही. यूज करायला. ती बिल्डिंग हॉस्पिटलची आहे, सो दे चार्ज. डॉक्टरचं ऑफिस असतं तर नसतं लागलं."

मोरेश्वर खुर्चीवर बसला. डॉक्टरच्या सहापट त्या खोलीचं भाडं होतं. इन्शुरन्सने त्यातलं काहीच उचललं नव्हतं. "दहा मिनिटांचे," तो म्हणाला. "दहा मिनिटांत तर मला पार्किंगसुद्धा सापडत नाही." मग त्याच्या लक्षात आलं. "पण आपलं तर डॉक्टरच्या ऑफिसातच ठरलं होतं ना? मंगळवारी?"

शोभना ओट्यापाशी उभी होती. कुकरची शिट्टी झाली, तिने गॅस बारीक केला.

"मी बदलून घेतलं," ती म्हणाली.

"का?"

"अंगारकी होती. त्यांनी खाऊन या म्हटलं होतं."

मोरेश्वरने कागद घडी घालून पाकिटात परत ठेवला. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने कोट काढला, खुंटीला लावला, आणि फावडं घेऊन बाहेर गेला. बाहेर बर्फ फारसा पडलेला नव्हता. तरी बराच वेळ सिमेंटवर फावडं घासल्याचा आवाज येत राहिला.

रेणूने सगळे फोन केले. एका फोनवर गाणं वाजायचं, तिथून दुसरीकडे जोडायचे, तिथे पुन्हा गाणं. शेवटी एका बाईने सांगितलं, समक्ष या, सवलतीचा विभाग आहे.

गाडी रेणूनेच चालवली, मोरेश्वर कामावर होता. वाटेत ती म्हणाली, "आई, लिसन. तिने विचारलं ना डेट का चेंज केली, तर म्हण ऑफिसमध्ये स्लॉट नव्हता. दॅट्स इट. मग त्यांची चूक होते."

"पण स्लॉट होता."

"आई!"

"समोर बघ. लाल आहे."

त्या विभागातल्या बाईचं नाव पॅट्रिशिया. साठीची, जाडजूड, गळ्यात चष्म्याची साखळी. तिच्या कपाळावर काळपट डाग होता. शोभनाला वाटलं, काही लागलंय, सांगावं का? मग नीट बघितलं तर ती राखेची फुली होती, बोटाने ओढलेली, थोडी नाकाकडे सांडलेली. शेजारच्या टेबलावरच्या तरुण माणसाच्या कपाळावरही तशीच. रेणू कानात पुटपुटली, "ॲश वेन्सडे. त्यांचे उपास सुरू होतात आजपासून."

पॅट्रिशियाने पडद्यावर सगळं काढलं. मग सौम्यपणे विचारलं, आधी ऑफिसात तारीख होती, मग आमच्याकडे का आलात? ऑफिसने पाठवलं का?

रेणूने टेबलाखालून आईच्या पायाला पाय लावला.

शोभनाच्या जिभेवर दोन वाक्यं होती. एक खोटं, ते तिला जमणारं नव्हतं. दुसरं खरं, ते मध्येच अडकलं, त्या अंगठ्यासारखं. समोर कपाळभर राख लावलेली बाई बसली होती, आणि तरीसुद्धा.

"आय आस्क्ड," ती म्हणाली. "मीच मागितलं."

"काही कारण?"

"नो. जस्ट... अनदर डे."

पॅट्रिशियाने मान हलवली आणि टाइप केलं. म्हणाली, वरिष्ठांकडे पाठवते, पण फार आशा ठेवू नका. हप्ते मात्र करून देता येतील.

गाडीत रेणूने आधी आरसा नीट केला. मग म्हणाली, "लाय नाही केलंस, ओके. पण ट्रुथ पण नाही सांगितलं. व्हाय?"

शोभनाने काचेबाहेर बघितलं. तिला ती राख दिसत होती. ती बाई तशीच बसने आली असेल, कॉफी घेतली असेल, दिवसभर लोकांची बिलं बघेल. कुणी विचारलं तर सांगेल, नाही विचारलं तर नाही. तिचं काही उणं झालेलं दिसत नव्हतं.

मार्चमध्ये उत्तर आलं. मोरेश्वरने जेवताना ते वाचून दाखवलं. "रक्कम कायम. जागेतला बदल पेशंटच्या सोयीसाठी केला होता." त्याने कागद पाण्याच्या तांब्याखाली ठेवला. "सोय! बघ, तुझी सोय झाली. दिवसभर उपाशी राहायची सोय."

"बाबा, स्टॉप," रेणू म्हणाली.

"मी काय वाईट बोललो? छापलंय तिथे."

शोभनाने त्याला आणखी एक पोळी वाढली. त्याने नको म्हटलं नाही. हात धुऊन आल्यावर तो तिच्या मागे उभा राहिला आणि म्हणाला, "शनिवारी ओव्हरटाइम देतायत. घेतो मी. उन्हाळ्यापर्यंत फिटेल." तेवढंच बोलला. ते टोचून बोलण्यापेक्षा तिला जास्त लागलं.

तिनेही जास्तीचं काम घेतलं, पुरणपोळ्यांचं. होळी होती, मागणी होती. आणि होळी झाली तशी एके सकाळी डावा अंगठा कट् करून वाजला.

तिने तो रात्री पट्टीने बांधून ठेवून बघितला. गरम पाण्यात धरून बघितला. एप्रिल संपता संपता पोळपाट धरून ठेवणंही होईना. पोळपाट फिरायचा, पोळी फाटायची. एका दुपारी तवा उतरवताना अंगठा मध्येच अडकला आणि तवा तिच्या चपलेशेजारी पडला. चार बोटं इकडे पडला असता तर पाय भाजला असता.

कमलाताईने तवा उचलला, गॅस बंद केला आणि तिला पोत्यावर बसवलं.

"डॉक्टरला फोन केला?"

"केला. फक्त ऑफिसातच हवं म्हणून सांगितलं. मेचा पहिला मंगळवार म्हणाले. तो नको असेल तर पुन्हा ती काचेची बिल्डिंग."

"मग मंगळवारी जा. अडलं कुठे?"

शोभना चपलेवरचं पीठ झटकायला लागली.

"बोल ना, बाप्पा!"

"त्या दिवशी अंगारकी आहे. पुन्हा."

कमलाताईने कपाळाला हात लावला. मग हसायलाच लागली. "तुझा गणपती मोठा गमत्या दिसतो! बरं, तू त्यांना सांगितलं का, मी उपाशी येणार म्हणून?"

"त्यांना काय सांगायचं..."

"काहून नाही सांगायचं? मी पौर्णिमेला उपोसथ धरते, बुद्धाचा. दुपारी बारानंतर तोंडात काही घालत नाही. पुरुषोत्तमकाकाला पहिल्याच महिन्यात सांगून ठेवलं, त्या दिवशी बारानंतर मला भाजीचं मीठ बघायला बोलवायचं नाही. तो म्हणाला, बरं. संपलं! माझं शील काही त्याने खिशात नाही घातलं."

"आई म्हणायची, सांगू नये."

"अगं, मिरवू नये म्हणाली असेल. विचारल्यावरही गप्प बसावं, असं कशाला म्हणेल?"

शोभनाने पदर नसलेल्या खांद्यावरून हात फिरवला, सवयीने. आई नेमकं काय म्हणाली होती? शब्द आठवत नव्हते. आईचा चेहरा तेवढा आठवत होता, चुलीपुढचा, घामेजलेला.

मंगळवारी ती लवकर उठली. नाहून पूजा केली. बाहेर गवत हिरवंगार झालं होतं, शेजाऱ्याचं कापायचं यंत्र घरघरत होतं. पूजेवरून उठली तर स्वयंपाकघरात मोरेश्वर. त्याने सुट्टी घेतली होती. ओट्यावर उपमा, वाफ येत असलेला. मोहरी थोडी करपलेली.

"बस," तो म्हणाला. "थोडा खा. तारीख बदलायची नाही आता. आणि तिथे चक्कर आली, त्यांनी त्या हॉस्पिटलमध्ये नेलं, तर मी काय करू, सांग?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याने तिच्यापुढे ताटली ठेवली, चमचा ठेवला, लिंबाची फोडसुद्धा ठेवली. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण याने उपमा पहिल्यांदाच केला होता. शोभना त्या ताटलीकडे बघत बसली. देवाला सोडणं एक, आणि हे समोरचं सोडणं एक.

"अहो," ती शेवटी म्हणाली, "हा झाकून ठेवते. चंद्र दिसला की पहिला घास याचाच घेईन."

मोरेश्वरने खिडकीबाहेर बघितलं. "मोहरी करपलीय," तो म्हणाला. "गारढोण झाल्यावर आणखी वाईट लागेल."

"लागू दे."

त्यानेच ताटलीवर झाकण ठेवलं.

डॉक्टरचं ऑफिस एका दाताच्या दवाखान्याशेजारी होतं, बसकं, विटांचं. पियानो नव्हता. नर्सबाई उंच, पांढऱ्या केसांची, बाहीवर फुलपाखरं छापलेली. मोरेश्वर बाहेरच्या खोलीत बसला. नर्सने शोभनाला खुर्चीवर बसवलं, रक्तदाब बघितला, डावा हात उशीवर ठेवला आणि हातातल्या कागदावरचं वाचत विचारलं, "सकाळी काही खाल्लंत का?"

शोभनाने उजव्या हाताची मूठ मिटली. उजवा अंगठा सहज मिटला. तो चार महिने अगदी नीट वाकत होता.

"नाही," ती इंग्रजीत म्हणाली. आणि तिथे थांबली नाही. "आज माझा उपास आहे. देवाचा. चंद्र दिसेपर्यंत मी खात नाही. पाणी चालतं."

नर्सने कागदावरून मान वर केली. आता काय म्हणते? आता तारीख जाणार. आता ती काचेची इमारत.

"ओह, दॅट्स फाइन, हनी," नर्स म्हणाली. "मग पाय वर करते. काही जण सुई बघून घेरी येऊन पडतात ना, म्हणून खायला सांगतो आम्ही. बाकी काही नाही."

तिने खुर्चीच्या बाजूचा दांडा ओढला. खुर्ची मागे गेली, शोभनाचे पाय वर आले आणि डोकं खाली. छत दिसायला लागलं. छताच्या एका चौकोनावर पाणी गळून तपकिरी डाग पडला होता.

एवढंच होतं. एक दांडा.

तिला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग दुसरंही काही आलं. डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाणी कानांकडे वाहायला लागलं, कारण डोकं खाली होतं. काचेच्या इमारतीतला तो गुरुवार, मोरेश्वरचे सगळे शनिवार, सिमेंटवर घासलेलं फावडं. हे वाक्य तिला जानेवारीतही येत होतं. इंग्रजीतही येत होतं.

"दुखतंय का?" नर्सने विचारलं. "अजून सुई दिलीच नाही."

"नाही," शोभना म्हणाली. "नाही दुखत."

डॉक्टर आला. कुत्रा म्हातारा झालाय म्हणाला. सुई, मग बधिरपणा, मग हातात कुणी दोरा ओढतंय असं वाटत राहिलं, आणि "वाकवून बघा". वाकला.

नर्स पट्टी बांधताना म्हणाली, "किती वाजता उगवतो आज?"

"कोण?"

"चंद्र."

"फार उशिरा," शोभना म्हणाली. "आज लेकीला जागवून ठेवणार आहे. तिची नजर चांगली आहे."

नर्सने कपाट उघडलं. तिथे पेशंटांसाठी बिस्किटांचे पुडे आणि रसाचे छोटे डबे होते. तिने दोन पुडे आणि एक डबा काढून शोभनाच्या पर्समध्ये घातला आणि चेन लावली, कारण शोभनाला एका हाताने लावता येत नव्हती. "तेव्हासाठी," ती म्हणाली.

बाहेर मोरेश्वर उभाच होता. त्याने तिच्याकडे बघितलं, पट्टीकडे बघितलं, मग गालांवरच्या ओल्या रेघांकडे.

"काय झालं? चक्कर आली? खाल्लं नाहीस ना काही, मी म्हटलं होतं..."

"मी सांगितलं त्यांना."

"काय सांगितलंस?"

"उपास आहे म्हणून."

"मग?"

"मग पाय वर केले."

ते मोरेश्वरच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. मग त्याने खाली बघून मोठा श्वास सोडला, तिची पर्स आपल्या खांद्याला लावली आणि दार उघडून धरलं.

गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "उपमा मात्र खायचा. करपलेला असला तरी."

"पहिला घास," शोभना म्हणाली, आणि उजव्या हाताने पट्टा ओढून घेतला.